एक्स चौदा

दुपारी तीन वाजून आठ मिनिटांनी
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
टॉवेल कापणारी तीन नंबरची मशीन थांबते.
रोज. गेले अकरा दिवस.
पाटीवर तांबडी अक्षरं: कापड तुटले.
कापड तर समोर आहे, सलग,
हात लावला तर कोमट.
दहा-बारा मिनिटांनी रीसेट मारला की चालते,
काही झालंच नाही अशी.

पुण्याची दोन माणसं येऊन गेली,
इनपुट कार्ड बदललं, बिल ठेवलं,
जाताना शेंगाचटणी बांधून नेली.
आता मी.

पॅनेल उघडलं.
पंख्याच्या जाळीवर कापसाची राखाडी गादी,
पीएलसीच्या डोक्यावर दसऱ्याचा झेंडू,
वाळून दोऱ्यापुरता उरलेला.
जाळी झाडली. झेंडू राहू दिला.

लॅपटॉप जोडला, शिडी उघडली.
पायरी एकसष्ट:
एक्स चौदा असेल तर चाल,
नसेल तर थांब.
इतकं सरळ माझ्याशी हल्ली कुणी बोलत नाही.
सेकंदाला शंभर वेळा तो वरून खाली वाचतो
सगळ्या पायऱ्या, एकही न गाळता,
आणि परत पहिल्यापासून.
त्याला शंका येत नाही.
शंकेसाठी मला बोलावतात.

वायरी ओढून पाहिल्या.
एक स्क्रू अर्धा फेरा फिरला, मला उगाच आशा वाटली.
चोवीसच्या जागी तेवीस पॉइंट आठ, चालतंय.
अर्थिंग ठीक.
मागे मालक फोनवर:
"बाई आल्यात. बघायल्यात."
बेचाळीस डिग्री, पत्र्याखाली त्याहून जास्त,
माझ्या घामाचा थेंब कीबोर्डवर, नेमका एंटरवर.

तीन वाजून सात.
एक्स चौदाचा हिरवा दिवा लागलेला.
तीन वाजून आठ.
विझला. लागला. विझला.
मशीन थांबली
आणि पलीकडच्या मागांची खडखड एकदम जवळ आली.

मी स्क्रीनकडे बघत होते.
राजमल्लू बुर्ला एकतीस वर्षं ह्या शेडमध्ये आहेत,
स्क्रीनकडे ते बघतच नाहीत.
ते वर बघत होते.
"अदिगो," म्हणाले.

पत्र्याला भोक. रुपयाएवढं.
तिथून उन्हाचा तिरका दांडा,
त्यात कापसाचे तंतू पोहतायत,
आणि टोक थेट सेन्सरच्या डोळ्यात.
पलीकडे दिवा, अलीकडे डोळा, मधे कापड.
डोळ्याला उजेड दिसला, तर कापड नाही.
असं त्याला आपणच शिकवलेलं.
कुठला उजेड, ते सांगायचं राहिलं.

राजमल्लूंनी मागच्या वर्षीचं रजिस्टर आणलं.
एप्रिल. तीन नंबर. हीच वेळ.
"कार्ड बदलले." खाली मालकांची सही.
पंधरा दिवसांनी, दुसऱ्या शाईत: "फॉल्ट गेला."
ऊन सरकलं होतं.
कार्ड बिचारं स्टोअरमध्ये पडून आहे,
वर चिठ्ठी: खराब.

पत्र्याला डांबर उद्या.
तोवर त्यांनी रिजेक्टमधला निळा टॉवेल घेतला,
कडेचा धागा सुटलेला,
आणि सेन्सरच्या डोक्याला बांधला,
ह्या दिवसांत बाजारात निघताना
आपण बांधतो तसा.
तीन वाजून बारा. मशीन चालू.

मालक म्हणाले, पार्ट तर कुठलाच बदलला नाही,
मग बिल कशाचं लावणार बाई?
मी म्हटलं, स्टोअरमधलं ते कार्ड चांगलंय,
त्याची किंमत वजा करून द्या.
ते हसले नाहीत. हिशेब करत राहिले.

निघण्याआधी पायरी एकसष्टच्या शेजारी
शेऱ्याची रिकामी जागा होती.
सॉफ्टवेअर देवनागरी घेत नाही,
म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं,
पुढं जो कुणी येईल त्याला:
आधी वर बघ.
मग राजमल्लूंना विचार.